गाळलेला शब्द

उचगाव, कोल्हापूर
दि. १८ फेब्रुवारी २०२४

चि. निशिगंधा हिस,
जोतीरामचे अ. उ. आ. वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत. मनात काय हाय ते पुढं वाच.

तू रोज सकाळी व्हिडिओ कॉल करतीस, तो आजपासून बंद कर. तू तिकडनं बोलत ऱ्हाणार आणि मी हितं गळ्याला फडकं बांधून नुसती मान हलवणार. परवा म्हणालीस, दादा, जरा हस की. मोबाईल पालथा पडला न्हवता, मी पालथा घातला. त्यावर एकेक अक्षर दाबत बसायचं मला जमत न्हाय. कागदावर हात अजून चालतो. बत्तीस वर्षं मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारले, पण अक्षर बिघडू दिलं न्हाय. तवा काय बोलायचं ते पत्रात बोल. पोचायला पंधरा दिवस लागूदेत. मला आता कसलीच गडबड न्हाय.

काल ड्रेसिंगला गेलतो. पट्टी बदलणाऱ्या पोराला कागदावर लिहून विचारलं, हे भोक कवा बुजवणार? तो हसला. मग त्यानं माझं तोंड बघितलं. म्हणाला, मामा, हे बुजवत नसत्यात. नाकातोंडाचा रस्ता आता तोडलाय, श्वास मरेपर्यंत हितनंच. मी त्याला परत सांगायला लावलं. तुझी शालनवहिनी शेजारीच उभी हुती. ती खाली बघाय लागली, म्हणजे तिलाबी ठाऊक हुतं.

निशा, मी अडीच महिने वाट बघत हुतो. रेडिएशनच्या तीस खेपा केल्या, गळा आतनं भाजला, पाणी गिळताना डोळ्यांतनं पाणी आलं, तरी वाटायचं, एवढं झालं की भोक बुजंल आणि आवाज यील. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर निम्मं इंग्रजी बोलत हुते. मी मोबाईलमधी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो. तू म्हणालीस, दादा, गाठ काढतील, गळ्याला भोक ठेवतील, आवाज जाईल, मग शिकून परत यील. तू नर्स. तुझ्या शब्दावर मी सही केली. कायमचं असं तू एकदाबी म्हणाली न्हाईस.

गेल्या आठवड्यात यार्डात गेलतो. गुळाच्या रव्यांच्या थप्पीपाशी उभा ऱ्हायलो आणि मला वास आला न्हाय. नाकातनं हवाच जात न्हाय तर वास कुठला? हमाल लोक माझ्याशी मोठ्यानं बोलाय लागले, मी बहिरा झाल्यागत. मी घरी आलो. परत जाणार न्हाय.

तुला ठाऊक हुतं का न्हवतं, एवढंच लिही. लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत हाय. असला तर असूदे, मी मागत न्हाय.

तुझा दादा,
जोतीराम


फ्रायबुर्गजवळ, जर्मनी
दि. १० मार्च २०२४

ती. स्व. दादास,
निशिगंधाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझा राग मी समजून घेते, पण थोडा मलाही आहे, तोही ऐकून घे.

मागच्या राखीला मी उचगावला आले होते. तुझा आवाज चार महिने बसलेला होता. मी विचारलं तेव्हा थंड पाणी प्यालो म्हणालास. वहिनींनी तोंड उघडलं तर त्यांना गप्प केलंस. मी नर्स आहे, हे तुला सही करताना आठवलं, मग राखीला का आठवलं नाही? ऑगस्टमध्ये दाखवलं असतंस तर कदाचित स्वरयंत्र वाचलं असतं. तंबाखूबद्दल मी लिहीतच नाही. वीस वर्षं बोलून झालं.

आता पुढचं. मी जिथं काम करते तिथं कॅन्सरचे उपचार संपलेली माणसं तीन आठवडे राहायला येतात. सकाळी गिळायचा आणि आवाजाचा सराव, मग मान आणि खांद्याचा व्यायाम, दुपारी मनाच्या डॉक्टरांशी बोलणं. नोकरीवर परत कसं जायचं तेही एकजण बसून ठरवतो. बायको किंवा नवरा बरोबर असतो, त्यांनाही शिकवतात. तुझ्यासारखी गळ्यातून श्वास घेणारी माणसं मी दर महिन्याला बघते. ती बोलतात, दादा. भांडतातसुद्धा. तू मात्र दर गुरुवारी दवाखान्यात आवाजाच्या बाई येतात तिकडं फिरकत नाहीस, असं वहिनी सांगतात. मग दोष कुणाला देतोस?

पार्सल पाठवलं आहे. त्यात भोकावर बसवायचे फिल्टर आहेत. नाक हवा ओली आणि स्वच्छ करतं, ते काम आता फिल्टरनं करायचं. शिवाय मी एक कार्ड छापून घेतलं आहे, मराठीत आणि इंग्रजीत: मी फक्त गळ्यातून श्वास घेतो, ऑक्सिजन गळ्याला लावा. ते कायम अंगावर ठेव.

तू विचारलंस त्याबद्दल: त्या दिवशी गडबड होती. काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. राहून गेलं असेल.

विश्वजित तुला नमस्कार सांगतात. रागासकट का होईना, मला तुझ्या मनात ठेव.

तुझी,
निशा


उचगाव, कोल्हापूर
दि. १४ एप्रिल २०२४

चि. निशिगंधा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

पार्सल पोचलं. फिल्टर बारा दिवस पुरले. तेराव्या दिवशी काय करायचं ते तुझ्या चिठ्ठीत न्हवतं. कार्ड मी फाडलं. गळ्यात पाटी अडकवून फिरायला मी बाजारात उभा केलेला बैल न्हाय.

तुझ्या दवाखान्याचं वर्णन शालननं दोनदा वाचलं. मी एकदाच. मला काय मिळालं ते तूबी वाच. सरकारी योजनेत ऑपरेशन बसलं, डॉक्टरांनी हात चांगला चालवला, त्याबद्दल तक्रार न्हाय. जाताना एक कागद दिला. त्यात शेवटची ओळ, तीन महिन्यांनी दाखवणे. माझं पुनर्वसन म्हणशील तर ते एवढंच, एक ओळ.

आणि गुरुवारी मी गेलो न्हाय हे खोटं. एकदा गेलतो. बाकावर सोळा माणसं, त्यात निम्मी तोतरी पोरं, आणि बाई एकच. बिचारी चांगली हाय. तिनं पंधरा मिनिटं दिली. म्हणाली, मामा, तोंडानं हवा गिळायची आणि ढेकर काढल्यागत वर आणायची, त्या ढेकरात शब्द बसवायचा. समोर शाळकरी पोरी बसलेल्या. अठ्ठावन्न वर्षांचा मी तिथं ढेकरा देत बसू? ज्याच्या हाळीनं चार गाळ्यांपलीकडचा व्यापारी चहा टाकून पळत यायचा, त्यानं?

मग तिनं एक माणूस घरी पाठवला. हुसेन मुल्लाणी, कबनूरचा, यंत्रमागावर जॉबर हाय, माग बिघडले की दुरुस्त करतो. सहा वर्षांपूर्वी त्याचं हेच ऑपरेशन झालंय. दारात उभा ऱ्हाऊन बोलला, नमस्कार, जोतीरामदादा. विहिरीतनं बेडूक बोलल्यागत आवाज. म्हंजे शिकून शिकून मला हे येणार? मी त्याच्या तोंडावर दार लावलं. शालननं त्याला पायरीवर चहा दिला म्हणं. त्यानं नंबर लिहून दिला आणि गेला.

आठवत न्हाय म्हणतीस. तुला चौथीतले मार्क आठवत्यात, आईचं लुगडं कुठल्या रंगाचं हुतं ते आठवतंय. एवढा एकच दिवस बरा विसरलीस.

लोभाचं मागच्या पत्रात लिहिलंय, तेच समज.

जोतीराम


उचगाव
दि. ३ जून २०२४

सौ. निशिगंधा वन्सं यांस,
शालनचा नमस्कार. वि. वि.

हे हुसेनभाईंच्या बरोबर गेल्यात, तेवढ्यात लिहिते. मला तुमच्यासारखं लिहाय येत न्हाय, चुकलं तर चुकूदे.

सव्वीस मेला रविवार हुता. पोरगा राजवीर कागलला पंचतारांकित एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलता. उकाडा मरणाचा. फिल्टर कधीच संपल्यालं, हे कोरडाच पंखा अंगावर घेऊन बसायचे. गळ्यातला कफ आत वाळून त्याची खपली झाली आणि श्वास अडाय लागला. तोंड काळंनिळं. रिक्षा केली आणि जवळ हुता त्या लहान दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरीनं ऑक्सिजनचा मास्क आणला आणि नाकातोंडावर लावला.

वन्सं, मी वरडत हुते. गळ्याला लावा, ह्यांचा श्वास गळ्यातनं हाय. ते म्हणाले, बाई, तुम्ही भाईर थांबा. हे हातानं मास्क काढत हुते, तर दोघांनी हात दाबून धरले. त्यांना वाटलं पेशंटला भ्रम झालाय. बोलता येत न्हाय, हात धरल्यालं, डोळं माझ्याकडं. मी त्यातल्या एका पोराला ढकललं, मास्क वडून काढला आणि गळ्यातल्या भोकावर दाबून धरला. पोलिसात देतो म्हणाले. म्हटलं, द्या. जरा वेळानं नखांचा रंग पालटला, मग त्यांनी ह्यांचं हात सोडलं.

तुमचं कार्ड असतं तर हे झालं नसतं, हे मला कळतंय. तुम्ही ते लिहायच्या आधी मीच लिहिते.

मी हुसेनभाईंना फोन लावला. माणूस कबनूरवरनं स्कूटरवर आला, बायको रोशनबी मागं बसलेली. त्यांनी मिठाच्या पाण्याचं थेंब आत सोडलं, खोकायला लावलं, आणि बोराएवढी खपली भाईर काढली. त्या नर्सलाबी शिकवलं. रोशनबींनी मला मलमलचं कापड चार पदरी करून कसं शिवायचं, ओलं कसं ठेवायचं ते दाखवलं. मागावर कापसाची धूळ असती, हुसेनभाईंचं ह्या कापडावरच सहा वर्षं चाललंय. घरी आल्यावर ह्यांनी हुसेनभाईंचा हात धरला आणि सोडला न्हाय. त्या दिवसापास्नं पाळी सुटली की ते येत्यात. दोघं मागल्या खोलीत दार लावून ढेकरा काढत बसत्यात. परवा हे पहिल्यांदा आ म्हणाले.

आता तुमच्यासाठी. बोलता बोलता हुसेनभाई म्हणाले, डिसेंबरातच डॉक्टरांनी मला बोलावलेलं, ऑपरेशनच्या आधी तुमच्या मालकांना भेटाय. मी निघालोबी हुतो. मग निरोप आला, येऊ नका, पेशंटची बहीण नको म्हणती.

वन्सं, का नको म्हणालासा? भोक कायमचं ऱ्हातंय हे मला ऑपरेशननंतर चार दिवसांनी कळालं. तवा तुम्ही फोनवर म्हणालासा, वहिनी, आत्ताच सांगू नका. मी गप्प बसले. तुम्ही तिकडं हाय, मी हितं हाय. हे माझ्या हातचं जेवत्यात, पण वर मान करून माझ्याकडं बघत न्हाईत.

मी ह्यांना सांगितलेलं न्हाय. तुम्ही सांगा. न्हाय सांगितलंसा तर मी सांगणार.

तुमच्या मायेची आठवण ठेवून हे लिहिलं, राग धरू नका असं म्हणणार न्हाय.

शालन


फ्रायबुर्गजवळ, जर्मनी
दि. २४ जून २०२४

ती. स्व. दादास,
निशिगंधाचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र तू एकट्यानं वाच.

मी तुला लिहिलं होतं की आठवत नाही. मला सगळं आठवतं.

डॉक्टरांनी तुझ्यासमोर बोलून झाल्यावर बाहेर येऊन मला पुन्हा फोन केला. म्हणाले, तुमचा भाऊ आठ दिवस विचार करायला मागतोय. कबनूरला एक माणूस आहे, याच ऑपरेशनमधून गेलेला, त्याला बोलावलंय. तो गळा दाखवेल, बोलून दाखवेल, मग भावाला ठरवू दे. मी नको म्हणाले. आधी सही घ्या म्हणाले. मग तुझ्याशी बोलले आणि कायमचं हा शब्द मी गाळला. गडबडीत राहिला नाही. जिभेवर आला होता, तो मी गिळला.

का, ते सांगते. या क्लिनिकच्या आधी मी एका मोठ्या इस्पितळात घशाच्या वॉर्डात होते. तिथं पद्धत अशी की ऑपरेशनच्या आधी असा माणूस भेटायला येतोच. एका बेकरीवाल्याला असाच एकजण भेटला. बेकरीवाल्यानं त्याचा गळा बघितला, आवाज ऐकला, आभार मानले, कपडे घातले आणि घरी गेला. सहा महिन्यांनी वारला. मला तेव्हा ती पद्धत बरोबरच वाटली होती. माणसाचा गळा, त्याचा निर्णय. सगळ्यांसाठी बरोबर वाटायचं. तुझ्यासाठी नाही वाटलं.

मला ठाऊक होतं तू हुसेनभाईंना बघितलंस की उठून जाशील. एप्रिलमध्ये तू दार लावलंस तेव्हा मला वाटलं, बघा, माझं खरं निघालं. ते वाटल्याची मला लाज आहे, पण वाटलं.

त्याची किंमत तू अशी दिलीस की अडीच महिने बुजणाऱ्या भोकाची वाट बघितलीस. आणि सव्वीस मेला जे झालं ते. तू कार्ड फाडलंस कारण माझ्यावरचा विश्वास त्याआधीच मी फाडला होता. वहिनींचा यात काही दोष नाही. त्यांना मीच गप्प बसवलं. त्यांच्याकडं बघ, दादा.

अजून एक. वहिनींना वाटतं हुसेनभाई भेटले, आता सगळं सुरळीत. ते भले माणूस आहेत. पण कबनूर ते उचगाव एका स्कूटरवर किती पेशंट जगणार? ते आजारी पडले तर? इथं जे मिळतं ते कुणाच्या भलेपणावर अवलंबून नाही. ते तिथंही मिळायला हवं होतं, आणि तुझ्या वेळी जेवढं मिळत होतं तेवढंही मी नको म्हणाले.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यायची की नाही हे ठरवत बसावं लागेल, तेवढाही त्रास नको. पत्राचं उत्तर आलं नाही तरी मी लिहीत राहीन.

निशा


उचगाव, कोल्हापूर
दि. ९ ऑक्टोबर २०२४

चि. निशास,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी पाच पत्रं आली. उत्तर मुद्दाम दिलं न्हाय. जूनचं वाचल्यावर आठ दिवस शालनशीबी बोललो न्हाय, म्हंजे लिहिलं न्हाय. मग तिला एकटीला तरी किती शिक्षा द्यायची? आता बघतो तिच्याकडं. तीच वैतागलीया, म्हणती सारखं काय बघता.

आता जे घडलं ते सांगतो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांचा फोन आला. बिद्रीकडचा एक मास्तर हाय, धैर्यशील नाव, शाळेत कवायत शिकवतो, वय चव्वेचाळीस. माझ्यासारखंच ऑपरेशन करायचं हुतं. हुसेनभाईंना बोलावलेलं, पण ते तापानं पडलेले. तू लिहिलंवतंस तसंच झालं की. म्हणून मी गेलो. एकटा, केएमटीनं. कंडक्टरला मार्केट यार्ड म्हणालो, दवाखाना तिथनं जवळ पडतो; त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं.

मास्तर खाटेवर बसलेला, बायको शेजारी. मी फडकं सोडून गळा दाखवला. बाईनं तोंड फिरवलं. मास्तर बघत ऱ्हायला. मी बोललो. एका दमात तीन शब्द येत्यात, मग हवा परत गिळायची. वास जातो म्हणालो. विहिरीत पोहणं संपलं म्हणालो. शिट्टी वाजणार न्हाय. कायमचं, म्हणालो. चारदा म्हणालो.

मास्तरनं विचारलं, दादा, तुम्हाला हे आधी दाखवलं असतं तर तुम्ही सही केली असती का?

डॉक्टर दारात उभे हुते. मी म्हणालो, न्हाय.

मास्तर उठला, पिशवी उचलली आणि बायकोला घेऊन घरी गेला. डॉक्टर मला काय बोलले ते लिहीत न्हाय. धीर द्यायला बोलावलं हुतं, पळवून लावायला न्हवं.

निशा, त्यानंतरचे नऊ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला न्हाय, आणि ह्या खेपेस त्याचं कारण रेडिएशन न्हवतं. मास्तर आला न्हाय तर तो मरणार, आणि मारणारा मी. रोज वाटायचं, बिद्रीला जावं, त्याच्या दारात बसावं, खोटं बोलावं. म्हणावं, थोडे दिवस भोक ऱ्हातंय, मग बुजतंय. एका दिवशी एस.टी. स्टँडपर्यंत गेलतोबी. ते शब्द कसे जुळवायचे ते वाटंत घोकत हुतो. बाकावर तासभर बसलो आणि माघारी आलो. ते नऊ दिवस मी तुझ्या जागेवर हुतो. तुला डिसेंबरात काय झालं असंल ते मला तिथं कळालं.

दहाव्या दिवशी मास्तर आला. सही त्यानं स्वतः केली. मला निरोप धाडला, शुद्धीवर यीन तवा समोर तुम्ही असा. मी हुतो. डोळं उघडल्यावर त्यानं हात गळ्याकडं नेला, चाचपला, आणि मान हलवली. त्याला ठाऊक हुतं तिथं काय हाय. एवढंच बघायला मी चार तास उभा हुतो.

गुरुवारच्या बाईंनी आता यादी केलीया. मी, हुसेनभाई, आणि मास्तर बरा झाला की मास्तर. पाळ्या वाटून घ्यायच्या, म्हंजे एकजण आजारी पडला तर दुसरा. डॉक्टर अजून माझ्याशी नीट बोलत न्हाईत, पण फोन करत्यात.

तू बरोबर हुतीस. मी उठून गेलो असतो आणि परत आलो नसतो. मी मास्तर न्हाय, मी मलाच ओळखतो. आज जिता हाय तो तुझ्या खोट्यामुळं. आणि म्हणूनच तुझ्यावरचा राग जात न्हाय. तू चुकली असतीस तर कवाच सोडून दिलं असतं.

तवा सुट्टी काढ आणि ये. समजूत काढाय येऊ नको, भांडाय ये. पत्रातनं मला भांडण पुरं पडत न्हाय. आता तोंडानं भांडायचं हाय. तुला मधी थांबावं लागंल, मी हवा गिळंपर्यंत. थांबशील न्हवं?

विश्वजितरावांना नमस्कार. लोभाचं ह्यावेळी मीच मागून घेतो, ठेव.

तुझा दादा,
जोतीराम